माणूस नोकरी सोडून गेला, खातं मात्र सर्व्हरवर तसंच

या वेळी एकाच विषयावरची बरीच पत्रं आलीत. सर्व्हर वाढत गेले पण खाती अजून एकेका मशीनवर जाऊन हाताने उघडली जातायत, त्याचं काय करायचं? म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न, चाकणहून: नमस्कार मॅडम, आमची गाड्यांचे पार्ट डिझाइन करणारी कंपनी आहे. २२ सर्व्हर आहेत, बरेचसे रॉकी लिनक्स, काही उबंटू (तेही लिनक्सच) आणि एक जुनं सोलारिस, म्हणजे सनचं युनिक्स, जे कुणी बंदच करू देत नाही. साठेक लोकांची लॉगिन आहेत, प्रत्येक सर्व्हरवर वेगवेगळी. आता ऑडिटच्या वेळी कळलं की दिवाळीत सोडून गेलेल्या एका इंजिनिअरचं खातं पाच मशीनवर अजून चालू होतं. साहेब म्हणतात सगळं सेंट्रल करा. एलडॅप टाकू का फ्रीआयपीए टाकू?

उत्तर: एलडॅप म्हणजे खात्यांची यादी एका जागी ठेवून सगळ्या मशीनना पुरवणारी डिरेक्टरी, आणि फ्रीआयपीए म्हणजे तशीच डिरेक्टरी आणि लॉगिनचं बाकीचं सामान एकत्र बांधलेलं पॅकेज. यातलं काय टाकायचं ते ठरवूच, पण लगेच काही इन्स्टॉल करायला बसू नका. तुमच्या २२ मशीनवर खरंच कोण कोण आहे याची यादी आज कुणाकडेच नाहीये, ती आधी बनवा. प्रत्येक सर्व्हरवरून ईटीसी फोल्डरमधली पासवर्ड फाईल उचला आणि सगळ्या एका शीटमध्ये ओता, लॉगिनचं नाव, यूआयडी (त्या खात्याचा नंबर), ग्रुप, शेल (कमांड टाकायचा प्रोग्रॅम), कुठलं मशीन, आणि शेवटच्या कॉलमात एचआरच्या यादीतलं नाव. ज्या लॉगिनसमोर एचआरचं नाव सापडत नाही तो एकतर सोडून गेलेला माणूस, नाहीतर कुणीतरी टेस्टिंगला उघडलेलं आणि मग विसरलेलं खातं, नाहीतर कुठल्यातरी सॉफ्टवेअरचं खातं. या तिसऱ्या प्रकाराला हात लावू नका, त्याबद्दल खाली येईलच.

हे एवढं ताणून सांगतेय कारण सेंट्रल करण्याचा खरा फायदा खातं उघडण्यात नाहीच. नवीन माणूस आला की तो स्वतःच मागे लागतो, लॉगिन द्या लॉगिन द्या, त्यामुळे ते काम आज ना उद्या होतंच. गेलेला माणूस मात्र माझं खातं बंद करा म्हणून कधी फोन करत नाही, त्याच्या मॅनेजरला आठवत नाही, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला तर तो गेलाय हेच माहीत नसतं. बंद करायचं काम एका जागेवरून एका कमांडमध्ये झालं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

यादी झाली की दुसरं दुखणं दिसेल, ते म्हणजे नंबरांचं. युनिक्समध्ये फाईलवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, नंबर असतो. एलएस, म्हणजे फाईलींची यादी दाखवणारी कमांड, केल्यावर जे नाव दिसतं ते त्या मशीनने आपल्या यादीत बघून त्या क्षणी दाखवलेलं असतं. आता बहुतेक लिनक्सवर माणसांची खाती १००० पासून सुरू होतात आणि मग ज्या क्रमाने लोक आले त्या क्रमाने १००१, १००२, म्हणजे कॅडच्या सर्व्हरवर १००३ हा डिझाइनचा ट्रेनी असतो आणि फाईल सर्व्हरवर १००३ या अकाउंट्सच्या मॅडम. मशीन सुटी सुटी आहेत तोवर काही बिघडत नाही. एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत) फोल्डर शेअर केलं की मात्र गोंधळ, कारण साध्या सेटिंगमधलं एनएफएस क्लायंटने सांगितलेल्या नंबरावर डोळे झाकून विश्वास ठेवतं, आणि ट्रेनीला मॅडमच्या फाईली उघडता येतात, कुठलाही पासवर्ड न फोडता. तसंच गेलेल्या माणसाचं खातं डिलीट केलं, फाईली तिथेच राहिल्या, आणि पुढे तोच नंबर नव्या माणसाला मिळाला तर त्या जुन्या फाईलींचा मालक तो नवा माणूस होतो. म्हणून एका माणसाला सगळीकडे एकच नंबर, आणि तो गेला तरी तो नंबर परत कुणालाही द्यायचा नाही.

नंबर जुळवताना माझा सल्ला असा की कुणाचाच जुना नंबर ठेवू नका, सगळ्यांना नवीन रेंजमध्ये न्या, समजा १०००० पासून पुढे आणि ६०००० च्या आत. जुन्याच रेंजमध्ये अदलाबदल करायला गेलात, म्हणजे १००३ चा १००५ आणि १००५ चा १००३, तर मध्येच दोघांच्या फाईली एकमेकांत मिसळतात आणि मग कुणाची कुठली हे शोधायला मार्ग राहत नाही. ६०००० च्या वर जाऊ नका म्हणते कारण ६५५३४ हा नोबडी नावाच्या खात्याचा नंबर आहे, त्याच्या आसपासचे काही सिस्टिमडी (मशीन सुरू करणारा आणि सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) स्वतःसाठी वापरतं आणि एक लाखापासून पुढचे कंटेनरसाठी वाटले जातात. यूजरमॉड कमांडने नंबर बदलला की फक्त होम डिरेक्टरीतल्या फाईलींचा मालक बदलतो, बाहेरच्या तशाच राहतात, त्यासाठी फाइंड कमांडला जुना यूआयडी देऊन पूर्ण डिस्कवर शोधा आणि चोनने (मालक बदलायची कमांड) बदला. चोन करताना सिमलिंकसाठीचा एच पर्याय विसरू नका, नाहीतर लिंकचा मालक बदलायच्या ऐवजी ती जिकडे बोट दाखवते त्या फाईलीचा बदलेल. सेटयूआयडीचं बिट (कुणीही चालवली तरी मालकाच्या अधिकाराने चालायची खूण) असलेली फाईल असेल तर चोन ते बिट काढून टाकतं, तेवढ्यांची यादी आधी काढून ठेवा. शेवटी फाइंडला नोयूजर देऊन बघा, बेवारस काही राहिलंय का ते कळतं. हे सगळं रात्री, माणसं लॉगआउट असताना, आणि एका वेळी एकच सर्व्हर.

आता तुमचा मूळ प्रश्न. लिनक्सवर लॉगिन होताना दोन वेगळी कामं होतात. हा माणूस कोण, त्याचा नंबर काय, घर कुठे, हे विचारायचं काम एनएसएसचं, आणि तो खरंच तोच आहे का, त्याला आत घ्यायचं का, हे तपासायचं काम पॅमचं. नुसता एलडॅप सर्व्हर टाकलात तर पहिली माहिती तिथून मिळते, पासवर्डही तपासता येतो, पण कर्बेरॉस (पासवर्ड न फिरवता तिकिटाने ओळख पटवायची पद्धत), सर्टिफिकेट, कुणी कुठल्या मशीनवर जायचं, सुडो (रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, किंवा दुसऱ्या कुणाच्या अधिकाराने कमांड चालवणं), हे सगळं तुम्हालाच एकेक करून जोडत बसावं लागतं. ज्यांना त्यात मुरायचंय त्यांनी जरूर करावं, शिकायला उत्तम आहे. पण तुमच्याकडे हे काम बघणारा एकच माणूस असेल आणि तोच प्रिंटरही बघत असेल तर सरळ फ्रीआयपीए घ्या. त्यात ३८९ डिरेक्टरी सर्व्हर, एमआयटीचं कर्बेरॉस, सर्टिफिकेटसाठी डॉगटॅग आणि हवं तर डीएनएस, सगळं एकत्र बसवून येतं, वेबवर चालणारं स्क्रीन मिळतं, आणि साठ माणसांना चार जीबी रॅमचं मशीन आरामात पुरतं. सर्व्हर रॉकीवर टाका, उबंटूवर फक्त क्लायंट. सोलारिसला त्याचा स्वतःचा एलडॅप क्लायंट आणि कर्बेरॉस आहे, ते हाताने जोडता येतं, फक्त कोण कुठल्या मशीनवर जाऊ शकतो ते फ्रीआयपीएमधले नियम सोलारिस पाळत नाही, तिथे वेगळी व्यवस्था लागेल.

इन्स्टॉल करतानाच आयडी कुठून कुठपर्यंत ते सांगा, नाहीतर ते स्वतः कुठलीतरी दोन लाख नंबरांची मोठी रेंज निवडतं आणि तुमची वरची सगळी मेहनत वाया. डोमेनचं नाव डॉट लोकलवर संपवू नका, तोच शेवट वापरणाऱ्या एमडीएनएसशी भांडण होतं. आणि सुरुवातीला त्यात अलाउ ऑल नावाचा नियम चालू असतो, म्हणजे कुणीही कुठल्याही मशीनवर लॉगिन करू शकतो. तो तसाच ठेवून लोक वर्षानुवर्षं चालवतात, मग सेंट्रल करून मिळवलं काय? अकाउंट्सचं मशीन अकाउंट्सला, कॅडचं कॅडला, असे नियम लिहा, एचबीएसीटेस्ट कमांडने तपासा, आणि मगच अलाउ ऑल बंद करा, उलट्या क्रमाने केलंत तर सगळे बाहेर.

आणि माणूस जाईल त्या दिवशी आयपीएमध्ये खातं डिसेबल करा, डिलीट नको, नंबर राखून राहतो. पण डिसेबल केल्याने चालू असलेलं सेशन तुटत नाही हे लक्षात ठेवा, तो सकाळपासून लॉगिन असेल तर संध्याकाळपर्यंत आतच राहील, त्याच्या प्रोसेस वेगळ्या माराव्या लागतात. त्याहून वाईट म्हणजे रूटच्या किंवा कुठल्या शेअर खात्याच्या ऑथोराइज्ड कीज फाईलमध्ये (कुठल्या कीने पासवर्डशिवाय आत यायचं त्याची यादी) त्याची की पडलेली असते. ती सेंट्रल सर्व्हरला दिसतसुद्धा नाही. त्या फाईली आधीच झाडून काढा.

प्रश्न, सांगली जिल्ह्यातून, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधून: आमच्याकडे खूप वर्षांपासून एनआयएस (खात्यांची यादी एका मास्टरवरून सगळीकडे वाटणारी जुनी पद्धत) आणि एनएफएसवर लॅब चालते, मुलं कुठल्याही पीसीवर बसली तरी त्यांचं होम फोल्डर समोर येतं. नवीन पीसीवर अल्मा लिनक्स ९ टाकलं तर एनआयएसची पॅकेजच सापडत नाहीत. जुनीच पॅकेज कुठून आणून टाकली तर चालेल का? आठशे मुलांचे पासवर्ड परत बनवायचे म्हणजे संकट आहे.

उत्तर: चालतील कदाचित, पण नका करू. एनआयएस हे सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात एनएफएसच्या जोडीने आणलं, आणि त्या काळासाठी फार चांगली गोष्ट होती ती, एका मास्टरवर फाईल बदलली की सगळ्या वर्कस्टेशनला कळायचं. जगभरातल्या कित्येक लॅब त्यावर उभ्या राहिल्या. पण त्यात नेटवर्कवरच्या प्रत्येकावर विश्वास गृहीत धरलाय. तुमच्या लॅबमध्ये स्वतःचा लॅपटॉप लावून ज्या मुलाला एनआयएस डोमेनचं नाव माहीत आहे तो वायपीकॅट पासवर्ड अशी एक ओळ टाकून आठशेच्या आठशे मुलांचे आणि प्राध्यापकांचेही पासवर्ड हॅश, म्हणजे पासवर्ड गुंतवून साठवलेली रूपं, उतरवून घेऊ शकतो, आणि घरी निवांत बसून फोडू शकतो. कॉलेजची मुलं हे करत नाहीत असं तुम्हालाही म्हणता येणार नाही. रेड हॅटने आवृत्ती ९ मध्ये एनआयएस काढूनच टाकलं, अल्मा आणि रॉकी तिथूनच बनतात म्हणून तुम्हाला ती पॅकेज दिसत नाहीत.

पुढचा रस्ता मात्र तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही, कारण तो १९९८ मध्येच आखून ठेवलाय. एनआयएसमधली माहिती एलडॅपमध्ये कशी ठेवायची ते आरएफसी २३०७ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात लिहिलंय, पासवर्ड फाईलीतला प्रत्येक कॉलम तिथे एकेक अ‍ॅट्रिब्यूट होतो, यूआयडी नंबर, जीआयडी (ग्रुपचा) नंबर, होम डिरेक्टरी, लॉगिन शेल. म्हणजे तुमचा डेटा जसाच्या तसा जातो. आणि चाकणच्या वाचकाला दिलेला नवीन नंबरांचा सल्ला तुम्हाला लागू नाही बरं का, तुमचे नंबर आधीच सगळीकडे एक आहेत, एनआयएसची तेवढी पुण्याई आहे, म्हणून प्रत्येक मुलाचं खातं बनवताना जुनाच यूआयडी द्या आणि एनएफएसवरच्या फाईलींना हातही लावू नका.

पासवर्डचं म्हणाल तर फ्रीआयपीएमध्ये मायग्रेशन मोड आहे. तो चालू केला की जुना हॅश क्रिप्ट असं पुढे लावून तसाच आत घालता येतो. कर्बेरॉसला मात्र हॅशवरून स्वतःची की बनवता येत नाही, त्याला खरा पासवर्ड एकदा तरी दिसावा लागतो, म्हणून मुलगा पहिल्यांदा एसएसएसडी (सेंट्रल सर्व्हरशी बोलणारा क्लायंटवरचा प्रोग्रॅम) असलेल्या पीसीवर जुन्याच पासवर्डने लॉगिन करतो तेव्हा मागच्या मागे त्याची की तयार होते. मुलांना काही कळतही नाही. एक सेमिस्टर मोड चालू ठेवा, सगळी मुलं एकदा येऊन गेली की बंद करा, आणि जी आलीच नाहीत त्यांना नवीन पासवर्ड द्या. खूप जुने हॅश असतील, ज्यात पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात, तर ते आणूच नका. नवीन सिस्टिममध्ये जुनी कमजोरी कशाला न्यायची.

एक छोटी गोष्ट, एनएफएसच्या साध्या पद्धतीत एका माणसाचे सोळाच ग्रुप पुढे जातात. प्रत्येक विषयाला ग्रुप बनवायची हौस असेल तर सतराव्या ग्रुपचं फोल्डर उघडणार नाही आणि तुम्ही परमिशन बघत बसाल.

प्रश्न, कोथरूडहून: आमचं तीन मित्रांचं छोटं काम आहे, क्लाउडवर पाच सर्व्हर. आम्हालाही हे सगळं लागेल का?

उत्तर: नाही. पाच सर्व्हर आणि तीन माणसं असताना एक सहावा सर्व्हर फक्त खाती सांभाळायला उभा करायचा, मग तोच अपडेट करत बसायचं, त्याचा बॅकअप घ्यायचा, नको ते. अ‍ॅन्सिबलची (एका जागेवरून सगळ्या मशीनवर सेटिंग चालवणारं टूल) एक फाईल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) ठेवा, त्यात तिघांची नावं, ठरलेले यूआयडी आणि पब्लिक की, आणि कुणी गेलं की त्याच्या नावापुढे अ‍ॅबसेंट लिहून पाचही मशीनवर चालवा. फाईलीतून नाव नुसतं पुसून टाकू नका हं, पुसलं तर अ‍ॅन्सिबल त्या माणसाबद्दल काहीच करत नाही, खातं राहतं तसंच. आणि पासवर्ड लॉक करणं म्हणजे खातं बंद करणं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, एसएसएचची (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) की असेल तर तो माणूस पासवर्ड लॉक असतानाही आत येऊ शकतो. खात्याची मुदतच संपवा, यूजरमॉडला जुनी तारीख देऊन.

सर्व्हर वाढायला लागले, कधी येतात कधी जातात अशी अवस्था झाली, तर एसएसएच सर्टिफिकेटकडे बघा. ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून आहे आणि तरी फार कमी लोक वापरतात याचं मला खरंच वाईट वाटतं. एक सही करणारी की असते, सर्व्हरला फक्त तिच्यावर विश्वास ठेवायला सांगायचं, आणि माणसाच्या कीवर सकाळी सही करून द्यायची जी संध्याकाळी संपते. माणूस सोडून गेला की उद्या सही मिळत नाही, कुठल्याही सर्व्हरवर जाऊन काही पुसावं लागत नाही. खातं मात्र सर्व्हरवर असावंच लागतं, ते काम अ‍ॅन्सिबलचं.

प्रश्न, नागपूरहून: आमचे सीनियर म्हणतात सेंट्रल केलं आणि तो एक सर्व्हर बंद पडला तर सगळेच बाहेर, त्यापेक्षा आहे ते बरं. खरंय का?

उत्तर: भीती बरोबर आहे, त्यावरचा उपाय म्हणून आहे तसंच ठेवणं बरोबर नाही.

पहिलं म्हणजे एक सर्व्हर कधीच ठेवायचा नाही. फ्रीआयपीएचे सगळे सर्व्हर बरोबरीचे असतात, कुठल्याही एकावर बदल केला की दुसऱ्यावर जातो, तर दोन तरी ठेवा आणि दोघं एकाच होस्टवरची व्हर्च्युअल मशीन असं करू नका, वेगळं हार्डवेअर, वेगळी वीज. दुसरं म्हणजे क्लायंटवर एसएसएसडी असतं ते याचसाठी. आधीच्या काळी क्लायंट प्रत्येक वेळी एलडॅपला विचारायचा, आणि एलडॅप गेला की एलएस केलं तरी स्क्रीन अडकून बसायची कारण नंबराचं नाव विचारायला तो नेटवर्कवर जायचा आणि उत्तराची वाट बघायचा. त्या काळातल्या अनुभवातून बऱ्याच सीनियर लोकांच्या मनात ही भीती बसलीय, आणि त्यांना दोष देता येत नाही, तो त्रास खरा होता. एसएसएसडी माहिती मशीनवरच साठवतं, साधारण दीड तासाने ताजी करतं, आणि सर्व्हर सापडला नाही तर साठवलेली वापरतं. पासवर्डही साठवायचा असेल तर कॅश क्रेडेन्शियल्स हा पर्याय चालू असावा लागतो. एसएसएसडीत तो मुळात बंद असतो, आयपीए क्लायंट इन्स्टॉल करताना चालू केला जातो, तुम्ही हाताने सेटअप केला असेल तर जाऊन बघा. मग जो माणूस त्या मशीनवर आधी एकदा येऊन गेलाय तो सर्व्हर बंद असतानाही आत जाऊ शकतो. अर्थात याची दुसरी बाजू अशी की नेटवर्क तुटलेल्या मशीनवर गेलेला माणूसही साठवलेल्या पासवर्डने आत जाऊ शकतो, आणि त्याची मुदत न घातल्यास ती अमर्याद असते. ऑफलाइन क्रेडेन्शियल्स एक्स्पायरेशनमध्ये दोन-तीन दिवस टाका.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, रूट कधीही सेंट्रलमध्ये टाकायचा नाही. रूट, सिस्टिमची खाती, पॅकेजसोबत येणारी खाती, डेटाबेसचं खातं, हे सगळं लोकलच राहू द्या, कारण मशीन सुरू होताना नेटवर्क यायच्या आधी त्यांची गरज पडते. एनएसस्विच फाईलीत माणसांसाठी दोन्ही जागा लिहिलेल्या असतात, लोकल फाईल आणि एसएसएस (म्हणजे एसएसएसडी), तिथलं काही गाळू नका. आणि प्रत्येक मशीनवर एक इमर्जन्सीचं लोकल खातं, पासवर्ड प्रत्येक मशीनला वेगळा, बंद पाकिटात, दोन माणसांच्या ताब्यात. नुसतं ठेवून उपयोग नाही, एखाद्या शनिवारी दोन्ही आयपीए सर्व्हरची केबल काढा आणि कन्सोलवरून त्या खात्याने आत जाऊन दाखवा. तुमच्या सीनियरनाही बोलवा त्या दिवशी.

प्रश्न, नाशिकहून: कर्बेरॉस लावल्यापासून काही मशीनवर मधूनच क्लॉक स्क्यू टू ग्रेट असा एरर येतो आणि लॉगिन होत नाही, परत थोड्या वेळाने होतं. पासवर्ड तर बरोबर आहे.

उत्तर: घड्याळ चुकलंय. कर्बेरॉस एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनामधून आलं, तिथे शेकडो वर्कस्टेशन आणि त्यावर बसणाऱ्या मुलांवर विश्वास ठेवता येणार नाही ही सुरुवातच होती, म्हणून पासवर्ड नेटवर्कवरून पाठवायचाच नाही असं त्यांनी ठरवलं. हे एसटीच्या आवडेल तेथे प्रवास पाससारखं समजा, एकदा ओळख पटवून पास घेतला की मुदत संपेपर्यंत कुठल्याही गाडीत तो दाखवायचा, परत पैसे मोजायचे नाहीत. पण पासवर मुदत छापलेली असते आणि ती तपासायला दोघांची घड्याळं जुळलेली हवीत. कर्बेरॉसमध्ये फरक पाच मिनिटांच्या वर गेला की तिकीट नाकारलं जातं, कुणीतरी जुनं तिकीट चोरून परत वापरू नये म्हणून. पाच मिनिटं वाढवून दहा करा असं कुणी सुचवेल, ते करू नका.

मधूनच येतो म्हणताय त्यावरून ती व्हर्च्युअल मशीन असावीत असं वाटतं, सस्पेंड होऊन परत सुरू झाली की घड्याळ मागे राहतं आणि मग हळूहळू जुळतं. क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालू आहे का बघा, त्याच्या सेटिंगमध्ये मेकस्टेप लावा म्हणजे मोठा फरक असेल तर हळूहळू न सरकता एकदम उडी मारून जुळेल, मात्र नेहमीचं सेटिंग फक्त सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही वेळा उडी मारू देतं, तुमच्यासाठी ती मर्यादा काढावी लागेल. आणि होस्टचंही घड्याळ तपासा, बरेचदा चूक तिथे असते. वेळ कुठून घ्यायची तर सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे एनआयसी (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर) किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायचं आहे. तुमच्या आतल्या दोन सर्व्हरना तिथून वेळ घेऊ द्या, बाकी सगळ्यांनी त्या दोघांकडून.

प्रश्न, ठाण्याहून: आमच्याकडे विंडोजचं अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आहे, सगळा स्टाफ त्यात आहे, लिनक्स सर्व्हर फक्त आठ. वेगळं काही उभं करायचं का?

उत्तर: आठसाठी नको. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे आतून एलडॅप आणि कर्बेरॉसच आहे, रिअल्म जॉइन कमांडने लिनक्स थेट त्यात जातं. एचआरने तिकडे खातं बंद केलं की इकडेही बंद, यापेक्षा वेगळं तुम्हाला काय हवंय. जॉइन झाल्याबरोबर रिअल्म परमिटने ठराविक ग्रुपलाच परवानगी द्या, नाहीतर रिसेप्शनपासून सगळ्यांना सर्व्हरवर लॉगिन मिळेल. यूआयडी एसएसएसडी स्वतःच विंडोजच्या एसआयडीवरून (तिकडचा ओळख नंबर) गणित करून काढतं, सेटिंग सारखं असेल तर आठही मशीनवर तोच नंबर येतो. मशीनवर आधीच्या लोकल खात्यांच्या फाईली असतील तर त्यांचे मालक मात्र वरच्यासारखेच बदलावे लागतील. लिनक्स पन्नास-साठ झाली आणि सुडोचे, मशीनचे नियम वेगळे हवे झाले की मग फ्रीआयपीए उभं करून दोघांत ट्रस्ट (एकाने दुसऱ्याची खाती मान्य करणं) करता येतो, माणसं तिकडचीच राहतात.

प्रश्न, कोल्हापूरहून, एका सहकारी बँकेच्या आयटीतून: ताई, आमच्याकडे रूटचा आणि ओरॅकल डेटाबेसच्या खात्याचा पासवर्ड सहा जणांना माहीत आहे. खाती सेंट्रल केली तरी शेवटी सगळे सु (खातं बदलायची कमांड) करून रूटच होतात. ऑडिटर विचारतात अमुक कमांड कुणी दिली, आणि लॉगमध्ये फक्त रूट दिसतं.

उत्तर: तुमचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण इथेच अर्धवट सेंट्रल केलेल्या जागा उघड्या पडतात. सहा जणांना माहीत असलेला पासवर्ड कुणाचाच नसतो. त्यातला एक माणूस गेला की उरलेल्या पाच जणांसाठी पासवर्ड बदलावा लागतो, आणि तो बदलला जात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

रूटचा पासवर्ड बदलून पाकिटात घाला. एसएसएचमधून रूट लॉगिन बंद करा. ओरॅकलच्या खात्याचा पासवर्ड लॉक करा, त्याच्या ऑथोराइज्ड कीज फाईलीत फक्त मशीन-मशीनमधल्या कामाच्या कीज ठेवा, माणसांच्या सगळ्या काढा. मग प्रत्येकाने आपल्याच नावाने लॉगिन करायचं आणि तिथून सुडोने ओरॅकल व्हायचं. सुडोचे नियम फ्रीआयपीएमध्येच लिहिता येतात आणि एसएसएसडी ते प्रत्येक मशीनवर आणून साठवतं, त्यामुळे २० मशीनवर सुडोअर्स फाईल फिरवायची गरज नाही. डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या) ग्रुपला डेटाबेसच्या मशीनवर ओरॅकल होण्याची परवानगी, एवढा एक नियम पुरतो. सगळ्यांना सगळं असा नियम लिहायचा मोह पहिल्या आठवड्यात होईल, कारण फोन येतील, हे चालत नाही ते चालत नाही. ते फोन घ्या, कुणाला खरंच काय लागतं ते त्यातूनच कळतं, आणि त्याप्रमाणे नियम वाढवा.

ऑडिटरच्या प्रश्नाचं उत्तर ऑडिटडीमध्ये (कुणी काय केलं त्याची नोंद ठेवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) आहे. माणूस लॉगिन झाला की त्या सेशनला त्याचा मूळ यूआयडी लॉगिन यूआयडी म्हणून चिकटतो, आणि पुढे तो सुडोने ओरॅकल झाला, रूट झाला, तरी ऑडिटच्या नोंदीत तो मूळ नंबर राहतो. कमांड चालवल्याची नोंद ठेवायचा नियम मात्र तुम्हाला लिहावा लागतो, आपोआप होत नाही. या नोंदी त्याच मशीनवर ठेवू नका, जो रूट होऊ शकतो तो त्या पुसूही शकतो, दुसऱ्या लॉग सर्व्हरवर पाठवा जिथे या सहा जणांपैकी कुणालाच लॉगिन नाही, आणि सर्ट-इनच्या त्याच निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग भारतातच ठेवायचे आहेत.

ओरॅकलचं खातं सेंट्रलमध्ये टाकायचं का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. लोकल ठेवा, फक्त सगळ्या डेटाबेस मशीनवर त्याचा यूआयडी आणि ग्रुपचे नंबर एकच आहेत ना ते आयडी कमांडने आजच तपासून घ्या.